निलंबनव्यवस्थेतील फेरफार आणि मागील आसाचा आवाज : निदानाची पद्धती

मोटारगाडीच्या निलंबनव्यवस्थेत, म्हणजे सस्पेन्शनमध्ये, फेरफार केल्यानंतर मागील आसाकडून पूर्वी नसलेला आवाज येऊ लागतो, ही तक्रार कार्यशाळांच्या नेहमीच्या परिचयाची आहे. गाडी उंच केलेली असो, खाली आणलेली असो, किंवा रबरी बुशांच्या जागी पॉलियुरेथेनचे कठीण बुश घातलेले असोत, तक्रारीचे स्वरूप बहुधा एकच असते. आणि तीवर योजला जाणारा उपायही पुष्कळदा एकच असतो, तो म्हणजे डिफरन्शियल उघडणे. हा उपाय निरुपद्रवी नाही. क्राऊन व पिनियन या दंतचक्रांची परस्परस्थिती मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत जुळविलेली असते आणि दीर्घ वापराने त्यांचे दात एकमेकांशी रुळलेले असतात. ही मांडणी एकदा मोडली की पूर्ववत् करणे कठीण जाते. निर्दोष आस केवळ उघडल्यामुळे सदोष होण्याचा संभव असतो. उलटपक्षी, ‘बुश कठीण आहेत, आवाज होणारच’ असे म्हणून दुर्लक्ष केल्यास झिजत चाललेले बेअरिंग तसेच राहून प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आवाज उत्पन्न कोठे होतो आणि तो कानापर्यंत कोणत्या मार्गाने येतो, हे दोन प्रश्न प्रथम वेगळे केले पाहिजेत.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे लीफ स्प्रिंगवर, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील पाट्यांवर, बसविलेला अखंड आस विचारात घेतला आहे. 2014 साली उत्पादन थांबलेली हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसॅडर आणि महिंद्र बोलेरो या गाड्यांत मागील बाजूस हीच रचना आढळते. गिअरपेटीतून निघालेला प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही टोकांच्या क्रॉसच्या, म्हणजे हूकच्या, सांध्यांतून पिनियनला फिरवितो. पिनियन क्राऊनला आणि क्राऊन चाकांना गती देतो. आसाचे हाउसिंग यू-बोल्टांनी पाट्यांना आवळलेले असते आणि पाट्यांची टोके बुशांच्या द्वारे सांगाड्याला जोडलेली असतात. म्हणजे पाटे केवळ भार तोलीत नाहीत. पिनियनचे तोंड कोणत्या दिशेस राहावे हेही तेच ठरवितात. निलंबनातील फेरफाराचा आसाच्या आवाजाशी संबंध येतो तो येथे.

निदानाचे मुख्य साधन म्हणजे वारंवारता. समजा, पिनियनला 9 व क्राऊनला 41 दात आहेत, चाक एका फेरीत 2 मीटर अंतर कापते आणि गाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर आहे. अशा वेळी चाकाच्या सेकंदास 8.33 फेऱ्या होतात आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सुमारे 38. शाफ्टचा तोल बिघडलेला असेल तर कंपन 38 हर्ट्झचे असते. सांध्यांच्या कोनांमुळे उद्भवणारे कंपन प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे 76 हर्ट्झचे असते. दात एकमेकांत गुंतण्याची वारंवारता सुमारे 342 हर्ट्झ येते. टायरच्या परिघावर 70 ठोकळ्यांची नक्षी असेल तर तिचा सूर 583 हर्ट्झच्या आसपास असतो. चाकाच्या बेअरिंगच्या स्थिर कड्यावर खड्डा पडला असल्यास चाकाच्या दर फेरीस रोलरसंख्येच्या सुमारे चार-दशांश इतके आघात होतात. ही संख्या सामान्यतः पूर्णांक नसते, आणि त्यामुळे बेअरिंगचा दोष इतरांपासून वेगळा काढता येतो. चारपाच अंकांचे असे कोष्टक हाती असले की ‘मागून घूं असा आवाज येतो’ या मोघम वर्णनाला निश्चित अर्थ प्राप्त होतो.

आता फेरफाराचा परिणाम पाहू जाता, पहिला परिणाम सांध्यांच्या कोनांवर होतो. हूकच्या सांध्यातून कोनात गती दिली असता, चालविणारा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असला तरी चालविला जाणारा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा पुढे-मागे होतो. कोन 3 अंश असेल तर वेगातील हा चढउतार सुमारे 0.14 टक्का असतो. 8 अंशांस तो 0.98 टक्का, म्हणजे सातपट होतो. कोन लहान असताना हा चढउतार कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही सांध्यांचे कोन समान असतील आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत असतील, तर पहिल्या सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. कोन विषम झाले की कोनांच्या वर्गांतील फरक शिल्लक उरतो. मूळचे 4 व 4 अंश बदलून 6 व 2 झाले, तर शिल्लक उरणारा दोष 5.7 अंशांच्या एकाच सांध्याइतका असतो.

असे वैषम्य सहज निर्माण होते. मागील शॅकल लांब करून पाट्याचा मागचा डोळा सांगाड्यापासून 50 मिलिमीटर खाली गेला आणि पाटा 1200 मिलिमीटर लांब असला, तर आस सुमारे 2.4 अंशांनी फिरतो व पिनियनचे तोंड वर होते. पाटा व आस यांच्यामध्ये समांतर पृष्ठांचा ठोकळा घातला असता दोन्ही कोन सारख्याच प्रमाणात बदलतात. तिरप्या ठोकळ्याने मात्र एकच बदलतो. शिवाय गाडी जोराने पुढे जात असता प्रतिक्रियेमुळे पिनियनचे तोंड वर उचलले जाते आणि नरम पाट्यांत हे वळण अधिक असते. त्यामुळे आवाज अ‍ॅक्सिलरेटरबरोबर बदलतो. ‘पाय दाबताच बदलणारा आवाज दातांचाच’ हा सर्वसाधारण समज म्हणूनच अपुरा ठरतो. कोनदोषही तसाच वागतो. भेद वारंवारतेने करावा लागतो: 76 हर्ट्झचे कंपन कानापेक्षा आसनाला अधिक जाणवते, तर 342 हर्ट्झचा सूर स्पष्ट ऐकू येतो. ध्वनिलेखात 342 च्या दोन्ही बाजूंस 266 व 418 येथे उपरेषा दिसल्या, तर दातांचा सूर सांध्यांच्या चढउताराने डोलत आहे असे समजावे. अशा वेळी डिफरन्शियल उघडण्यापूर्वी कोन मोजणे अगत्याचे आहे.

दुसरा परिणाम ध्वनीच्या मार्गावर होतो. दंतचक्रे थोडाफार आवाज नेहमीच करीत असतात. रबरी बुश तो अडवितात म्हणून तो ऐकू येत नाही. बुशाचा ताठरपणा चौपट केला तर व्यवस्थेची स्वाभाविक वारंवारता दुप्पट होते आणि तिच्याहून पुष्कळ वरच्या वारंवारतांना सांगाड्यात पोचणारे कंपन साधारणपणे चौपट, म्हणजे 12 डेसिबेलने वाढते. आस तोच, दात तेच. केवळ पडदा दूर झालेला असतो. खाली आणलेल्या गाडीत हाउसिंग रबरी थोपणीला टेकणे, किंवा सायलेन्सरची नळी अथवा हँडब्रेकची तार सांगाड्याला लागणे, हीही अशाच नव्या मार्गाची उदाहरणे होत.

तिसरा परिणाम खऱ्या हानीचा. पिनियनचे तोंड फार वर झाले की त्याच्या पुढील बेअरिंगपर्यंत तेल पुरेसे पोचत नाही. यू-बोल्ट नव्या पाट्यांवर काही अंतर धावल्यानंतर पुन्हा आवळले नाहीत, तर आस सरकतो आणि गती देताना ‘ठक्’ असा आवाज येतो. ही चिन्हे आढळल्यास गाडी चालविणे थांबविले पाहिजे.

रस्त्यावरील परीक्षा क्रमाने घ्यावी. एकाच वेगाने दोन निरनिराळ्या गिअरांत गाडी चालवून सूर बदलत नसेल तर इंजिन दोषमुक्त ठरते. गुळगुळीत व खडबडीत रस्त्यांवर सूर बदलत असेल तर टायर संशयास्पद होतो. मोकळ्या जागी हलके वळण घेता एका बाजूस आवाज वाढत असेल तर भार वाढलेल्या, म्हणजे वळणाच्या बाहेरील, चाकाचे बेअरिंग तपासावे. गाडी सांगाड्याखाली टेकवून चाके अधांतरी फिरविण्याची परीक्षा मात्र फसवी असते. आस खाली लोंबकळल्याने सांध्यांचे कोन वाढतात आणि नसलेला दोष दिसू लागतो. आधार हाउसिंगखालीच द्यावा.

मापन शक्य असल्यास एक त्वरणमापक पिनियनच्या तोंडाशी व दुसरा पाट्याच्या डोळ्याजवळ सांगाड्यावर बसवावा. सेकंदास 100 नमुने घेणारे साधन 50 हर्ट्झपलीकडचे सांगू शकत नाही. दातांच्या सुरासाठी किमान त्याच्या दसपट वेग हवा. फेरफारापूर्वीची नोंद क्वचितच उपलब्ध असते. अशा वेळी फेरफारांपैकी एकच गोष्ट, उदाहरणार्थ बुश, मूळपदावर आणून पुन्हा मोजावे. हाउसिंगवरील कंपन तेवढेच राहून सांगाड्यावरील घटले, तर दोष मार्गाचा. बुश बदलूनही सांगाड्यावरील कंपन फारसे घटले नाही, तर कोन मोजून व दुरुस्त करून पाहावे. त्याने हाउसिंगवरील कंपन उतरल्यास दोष भूमितीचा. दोन्ही उपायांनंतरही 342 ची रेषा हाउसिंगवर ठळक राहिली, तरच दंतचक्रांकडे वळणे योग्य.

तात्पर्य, फेरफारानंतर ऐकू येणारा आवाज हा फेरफाराने निर्माण केलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ प्रकट झालेला असतो. एका वेळी एकच घटक बदलून मोजणे ही प्रयोगशास्त्राची सामान्य शिस्त आहे. ती कार्यशाळेत पाळली गेली, तर निर्दोष आस उघडण्याचा खर्च वाचेल आणि सदोष आस वेळीच उघडला जाईल.