घरभाडं आणि कायदा (भाग ९) : कुलपाआडचा फ्रीज

गेल्या आठवड्यात अनामत रकमेबद्दल लिहिलं. अनामत संपली की आजचा प्रश्न सुरू होतो. भाडेकरूने सात-आठ महिने भाडं थकवलं आणि खोलीला स्वतःचं कुलूप लावून तो गावी निघून गेला. आत फ्रीज, लोखंडी कपाट, पलंग. घरमालक म्हणतो, "सामान विकतो आणि भाडं वळतं करून घेतो."

तेवढं करू नका. फ्रीज तुमच्या खोलीत असला तरी तुमचा होत नाही. विकणं सोडाच, येणं वसूल व्हावं म्हणून नुसता उचलून अडकवून ठेवला तरी ती चोरी ठरू शकते. कलकत्ता हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १८९५ मध्येच हे सांगून ठेवलं आहे.

इंग्लंडात मात्र घरमालकाला कोर्टाची पायरी न चढता भाडेकरूचा माल उचलता येई. गंमत अशी, की मुळात तो विकता येत नसे. गुरं हाकत न्यायची, कोंडवाड्यात घालायची आणि भाडं येईपर्यंत अडकवून ठेवायची, एवढाच हक्क. थकबाकीच्या मानाने अवाजवी माल उचलायलाही १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्याने आडकाठी केली. विक्रीची मुभा आली ती १६८९ मध्ये : पाच दिवसांत भाडेकरूने दाद मागितली नाही, तर मालाची किंमत ठरवून तो विकायचा आणि भाडं व खर्च वजा जाता उरेल ते मूळ धन्याचं. सव्वातीनशे वर्षं हे चाललं. ६ एप्रिल २०१४ ला तो हक्क संपला. आता व्यावसायिक जागांपुरती, आगाऊ नोटीस देऊन करायची वेगळी पद्धत तेवढी उरली आहे.

आपल्याकडे वाट लांबची. दावा (मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात), हुकूमनामा, मग दरखास्त, मग जप्तीचं वॉरंट घेऊन बेलिफ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६२ या बेलिफला सूर्यास्तानंतर राहत्या घरात पाऊल टाकू देत नाही. दिवसाउजेडी आला, तरी कलम ६० त्याचा हात धरतं. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, गरजेपुरती गुरं आणि बियाणं, यातलं काही नेता येत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिनेही वगळलेले. संहितेत मंगळसूत्र हा शब्द नाही, पण मराठी माणसाला तो वेगळा सांगायला नको.

लिलाव जाहीरनामा लागल्यावर किमान सात दिवसांनी. बोली पक्की व्हायच्या आत थकबाकी आणि खर्च भरला, की लिलाव थांबतो. माझ्या मते जप्तीचा खरा उपयोग इथेच. दारात टेम्पो उभा राहिला, शेजारी गॅलरीत आले, की कुठून तरी पैसे निघतात. लिलावातून भाडं फिटेल या हिशोबाने मात्र कोणी कोर्टात जाऊ नये. जुन्या फ्रीजला आणि गंजलेल्या लोखंडी कपाटाला बोली लागते ती भंगारवाल्याचीच. संहितेलाही हे ठाऊक आहे : जप्त मालाचा सांभाळखर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होईलसं दिसलं, तर बेलिफ तो लगेच विकू शकतो.

राहिलं खोलीचं कुलूप. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर हातोडी बाजूला ठेवा.