दहा मिलिव्होल्टची भाषा

अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. माणसांच्या गर्दीने लेण्यातली ऊब आणि ओल वाढली, तर त्याची झळ या गिलाव्याला लागते. म्हणून तिथे तापमान किती आहे यापेक्षा ते किती बदलले, हे कळणे मोलाचे. इलेक्ट्रॉनिक्समधल्या नवशिक्याने घरी करून पाहावा असा एक प्रयोग नेमका याच प्रश्नाशी जोडलेला आहे. एलएम-३५ हा तापमानाचा स्वस्त संवेदक दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. २५ अंशांना जेमतेम पाव व्होल्ट. तो संकेत वाचणारा अर्डुइनो युनो हा छोटा बोर्ड मात्र ५ व्होल्टचे १,०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. अर्ध्या अंशाखालचा बदल त्याला दिसतच नाही. एलएम-३५८ ॲम्प्लिफायरला ४० आणि १० किलोओहमचे रोधक जोडले की संकेत पाचपट होतो आणि एक पायरी अंशाच्या दहाव्या भागावर येते.

अर्डुइनो ज्याचे भाग करतो तो संदर्भ व्होल्टेज ५ वरून १.१ व्होल्टवर आणला तर ॲम्प्लिफायरशिवायही तेवढीच बारकाई मिळते, हा आक्षेप रास्त आहे. पण लांब वायर वाटेत विजेचा गोंगाट उचलते. संकेत संवेदकापाशीच मोठा केला, तर त्या गोंगाटाचा वाटा पाचपट घटतो. संवेदकाची स्वतःची चूक मात्र संकेताबरोबर वाढतेच. खोलीच्या तापमानाला ती अर्धा अंश किंवा त्याहून जास्तही असू शकते. म्हणून या मांडणीने नेमके तापमान सांगू नये, सकाळ-दुपारचा फरक सांगावा. गिलाव्यासाठी महत्त्वाचा तोच आहे.