खेळाची बातमी लिहायला शिका

मंडळी, जत्रेतली कुस्ती तुम्ही डोळे भरून पाहता, पण घरी येऊन सांगता एवढेच, "काय लढला गडी!" बातमीला तेवढे पुरत नाही. कोण, कुठला, किती वजनाचा, कोणत्या डावावर चीत झाला, हे हवे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक मिळविले. हा वजनगट ज्याला कळतो, तोच त्या पदकाचे मोल सांगू शकेल.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पदवीनंतर वृत्तपत्रविद्या शिकता येते. पण गुरुजी, पाया शाळेतच घाला. कबड्डीचा सामना संपला, की मुलांकडून दहा ओळी लिहवून घ्या आणि हरलेल्या संघाला वाचून दाखवा. त्यांनीही "खरं आहे" म्हटले, तर पोरगा वार्ताहर होणार असे समजा.