लील : धुराड्यांच्या गावाचा रंगीत मेकओव्हर

फ्रान्स म्हणजे पॅरिस, फार तर नीसचा समुद्र. उत्तरेकडची गावं आपल्या ट्रिपच्या प्लॅनमध्ये नसतातच. तिकडे काय, पाऊस, कोळसा आणि गिरण्या, असं खुद्द फ्रेंच मंडळीही नाक मुरडत सांगतात. पण पॅरिसहून टीजीव्हीने जेमतेम तासाभरावर असलेलं लील एकदा बघाच.

गंमत स्टेशनपासूनच सुरू होते. ‘लील फ्लांद्र’ स्टेशनचा दगडी दर्शनी भाग मूळचा पॅरिसच्या ‘गार द्यु नॉर’चा! तिथलं स्टेशन अपुरं पडायला लागलं, तेव्हा १८६०च्या दशकात तो उतरवून लीलमध्ये पुन्हा उभारला. सेकंडहँड माल म्हणून हिरमुसायचं सोडून लीलकरांनी त्यावर आणखी एक मजला आणि भलंमोठं घड्याळ चढवलं.

थोडं चाललात की जुनं लील. लाल विटा, पिवळसर दगड, नक्षीदार उंच घरं. हे पॅरिससारखं का दिसत नाही? कारण १६६७ साली चौदाव्या लुईने जिंकून घेईपर्यंत लील फ्रान्सचं नव्हतंच. राज्य स्पेनच्या राजाचं आणि वळण फ्लेमिश. त्याच काळातला, १६५३चा ‘व्हिएय बूर्स’ म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार. चौकाभोवती एकाला एक लागून चोवीस घरं आणि दगडात कोरलेली फुलं-फळं. आज त्या चौकात जुनी पुस्तकं विकली जातात आणि बुद्धिबळाचे डाव रंगतात.

पण खरी गोष्ट गिरण्यांची. इथल्या सुती आणि लोकरी कापडाने एकेकाळी गाव पोसलं. मग धंदा बसला आणि भोंगे बंद झाले. प्रश्न उरला, या अवाढव्य इमारतींचं करायचं काय? लीलने बऱ्याच ठेवल्या. ल ब्लाँ गिरणीत १९८०च्या सुमारास चक्क घरं झाली. २००४मध्ये लील युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हा वाझेम भागातली एक सूतगिरणी कलाकेंद्र बनली.

कमाल मात्र शेजारच्या रूबेची. १९३२ साली इथे आर्ट डेको शैलीतला स्विमिंग पूल उघडला. घरी बाथरूम नसलेल्या कामगारांसाठी आंघोळीची सोयही होती. १९८५मध्ये छत धोकादायक झाल्याने तो बंद पडला आणि २००१मध्ये तिथे म्युझियम आलं, ‘ला पिसीन’. पाण्याचा पट्टा तसाच, दोन्ही काठांवर शिल्पं, आणि टोकाच्या रंगीत काचांमधला सूर्य पाण्यात उतरलेला. म्युझियमने नोकऱ्या परत आणल्या असं मात्र समजू नका. रूबे आजही फ्रान्समधल्या सगळ्यात गरीब शहरांत मोडतं.

आणि हो, लीलचं आपल्याशीही नातं आहे. २००६मध्ये तिथे ‘बाँबेझर्स द लील’ नावाचा भारत महोत्सव झाला. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर दुतर्फा हत्ती उभे केले होते! आपल्या गिरणगावाला मात्र १९८२च्या संपानंतर मॉल आणि टॉवर मिळाले. मधोमध एखादं धुराडं, शोभेला.

जाणार असाल, तर सप्टेंबरचा पहिला वीकेंड गाठा. ‘ब्रादरी’ हा जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार तेव्हा भरतो आणि खाल्लेल्या शिंपल्यांचे रस्त्यावर ढीग लागतात. रूबेला मेट्रो जाते, १९८३पासून ड्रायव्हरशिवाय धावणारी. फक्त सोमवार टाळा. म्युझियम बंद असतं.