आयर्लंडची सहल : रस्ता एक, देश दोन

मार्गदर्शकासह गटाने परदेश पाहण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'सारख्या सहल कंपन्यांनी लावली आणि नौपाड्यासारख्या वस्तीत ती चांगलीच रुजली. स्वित्झर्लंड, स्कॉटलंड पाहून झालेल्यांसाठी आयर्लंड हा पुढचा पर्याय ठरतो. डब्लिनहून पश्चिमेस गॉलवे, २१४ मीटर उंचीचे 'क्लिफ्स ऑफ मोहर' हे समुद्रकडे, किलार्नीची सरोवरे आणि शेवटी उत्तरेस बेलफास्ट, असा हा बसप्रवास. मात्र पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, ती म्हणजे या एका बेटावर दोन देश आहेत.

बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत येते. डब्लिन-बेलफास्ट रस्त्यावर ना चौकी, ना कमान. वेगमर्यादेचे आकडे किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागले, की सीमा ओलांडली असे समजायचे! चौकी नसली तरी कायदा आहेच. आयर्लंड शेंगेन करारात सामील नसल्याने उर्वरित युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा येथे चालत नाही. २०१५ पासून भारतीयांना 'ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजने'ची सोय मिळाली. अल्पकालीन व्हिसात या योजनेची नोंद असल्यास एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते. अट अशी, की ज्या देशाने व्हिसा दिला तेथेच प्रथम उतरावे. ब्रिटनचा व्हिसा घेऊन थेट डब्लिनला उतरणाऱ्यास विमानतळावरच अडवले जाऊ शकते.

बसमधील शिस्तीलाही कारण आहे. युरोपीय नियमांनुसार साडेचार तास वाहन चालविल्यावर चालकास पाऊण तास विश्रांती सक्तीची असते. दिवसाचे चालनही साधारणतः नऊ तासांपुरतेच. 'पाचच मिनिटे' म्हणून कॅमेरा घेऊन उतरलेल्या एखाद्या काकांपायी साऱ्या गटाचा पुढचा थांबा बुडतो, तो असा. म्हणून कार्यक्रमपत्रिकेतील स्थळे मोजण्यापेक्षा दोन मुक्कामांमधील तास मोजावेत आणि कोठे प्रत्यक्ष उतरायचे, कोठे 'बसमधून दर्शन', हे विचारून घ्यावे.

व्हिसाच्या कटकटीमुळे उत्तरेचा फाटा वगळावा काय? तसे करू नये. तेथील 'जायंट्स कॉजवे' येथे लाव्हारस थिजून बनलेले सुमारे ४० हजार बसाल्टचे खांब समुद्रात उतरत गेले आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच जातीचे. आपण मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. लाटांनी ओले झालेले हे खांब निसरडे असतात. त्या दिवशी सँडल बसमध्येच ठेवून पक्के बूट घालावेत.