घरमाशीचे जीवनचक्र आणि गोठ्यातील नियंत्रणाची योग्य वेळ

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की गोठ्यात व कुक्कुटशाळेत माश्यांची संख्या झपाट्याने वाढलेली दिसते. अशा वेळी बहुतेक पशुपालक फवारणी पंप हाती घेतात. दोन दिवस माश्या कमी होतात आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा पूर्वीइतक्याच होतात. याचे कारण माशीच्या जीवनक्रमात आहे. आपल्याला दिसणारी उडती माशी हा या किडीच्या संख्येचा केवळ एक भाग होय. अंडी, अळ्या आणि कोष शेणात दृष्टीआड वाढत असतात.

ओळख

घरमाशीचे शास्त्रीय नाव मस्का डोमेस्टिका. ती करड्या रंगाची, सुमारे ६ ते ८ मि.मी. लांब असून तिच्या छातीवर चार गडद उभ्या रेषा असतात. तिला चावता येत नाही. तिच्यासारखीच दिसणारी स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स ही गोठ्यातील माशी मात्र डोक्यापुढे आलेल्या ताठ सोंडेने रक्त शोषते, आणि नर व मादी दोघेही रक्त पितात. ती मुख्यतः पायांना चावते. म्हणून जनावरे सतत पाय आपटू लागल्यास तिची शंका घ्यावी. क्रायसोमाया बेझियाना ही चमकदार निळसर-हिरवी माशी उघड्या जखमेच्या कडेला अंडी घालते व जखमेत अळ्या पडतात.

अंड्यापासून माशीपर्यंत

घरमाशीची मादी एका वेळी ७५ ते १५० आणि आयुष्यात साधारण ५०० अंडी घालते. त्यासाठी ती ओलसर शेण, कोंबड्यांची विष्ठा, कुजलेली वैरण किंवा खरकटे निवडते. अंडी सुमारे १ मि.मी. लांब, पांढरी असून उष्ण हवेत एका दिवसाच्या आत उबतात. पाय नसलेली पांढरी अळी दोनदा कात टाकून ४ ते ७ दिवसांत पूर्ण वाढते. मग ती ओले शेण सोडून ढिगाच्या कोरड्या कडेला किंवा लगतच्या मातीत जाते. तेथे तिची कातडीच कडक होऊन तपकिरी कोष बनतो. उन्हाळ्यात संपूर्ण चक्र ८ ते १० दिवसांत पूर्ण होते; थंडीत ते बरेच लांबते.

वर्तन आणि रोगप्रसार

घरमाशी पायांनी चव ओळखते. तिचे मुखांग स्पंजासारखे असल्याने ती केवळ द्रव पदार्थच घेऊ शकते. साखरेसारख्या घन पदार्थावर ती लाळ व पोटातील द्रव सोडते, तो विरघळवते आणि मग शोषून घेते. शेणावरून उठलेली माशी दुधाच्या भांड्यावर बसते, तेव्हा पायांवरील केस, उलटी व विष्ठा या तिन्ही मार्गांनी जंतू तेथे पोहोचतात. दिवसा ती उजेडात वावरते; रात्री छत, दोऱ्या व तारांवर विसावते. तेथील काळसर ठिपके हीच तिच्या विश्रांतीच्या जागांची खूण होय. चिकट पट्ट्या अशाच जागी टांगाव्यात.

नियंत्रण

१. उष्ण हंगामात शेण आठवड्यातून किमान दोनदा पूर्णपणे हलवावे. हे अंतर जीवनचक्रापेक्षा कमी असल्याने अळ्या कोषावस्थेपर्यंत पोहोचत नाहीत. गव्हाणीखालचे व नालीच्या कोपऱ्यांतील साचलेले शेणही काढावे.

२. शेणखताचा ढीग घट्ट रचून प्लॅस्टिकने झाकावा. आत वाढणारी उष्णता अळ्यांना मारक ठरते. परंतु त्या थंड कडेला सरकतात. म्हणून ढीग पलटताना कडेचा भाग आत घालावा.

३. कुक्कुटशाळेत पाण्याची गळती थांबवावी. विष्ठा कोरडी राहिली की अळ्यांची वाढ खुंटते. पिंजऱ्याखालची विष्ठा काढताना तळाचा कोरडा थर राखावा. त्यात अंडी खाणारे कोळी, भुंगेरे आणि कोषांवर उपजीविका करणाऱ्या स्पॅलँजियासारख्या परजीवी गांधीलमाश्या असतात.

४. शेणावर कीटकनाशक फवारू नये. त्याने हे मित्रकीटकच आधी नष्ट होतात. शिवाय घरमाशीत प्रतिकारशक्ती लवकर निर्माण होते. डीडीटीचा वापर सुरू झाल्यावर काही वर्षांतच, १९४० च्या दशकात, ती आढळली होती. कीटकनाशक अपरिहार्य असल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, दूध व चारा दूर ठेवून, विश्रांतीच्या जागांपुरतेच वापरावे आणि तोच गट वारंवार वापरू नये.

घरमाशी अन्नाच्या शोधात आसपासच्या वस्तीत सहज पोहोचते. त्यामुळे एकाच गोठ्याची स्वच्छता पुरेशी ठरत नाही. शेजारच्या पशुपालकांनी शेण हलवण्याचे दिवस एकत्र ठरवून पावसापूर्वीच उकिरडे आवरले, तर फवारणीवरचा बराचसा खर्च वाचेल आणि दुधाची स्वच्छताही राखली जाईल.