साळुंकीची लकेर टिपणारा बिली

वलगावसारख्या गावात कडुलिंबावर दिवसभर कलकलणारी साळुंकी जॅझच्या इतिहासातही जाऊन बसली आहे. तिला तिथे नेलं बिली स्ट्रेहॉर्नने.

1915 मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात जन्मलेला हा कृष्णवर्णीय संगीतकार. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदाची ओळख ठरलेलं ‘टेक द ए ट्रेन’ त्याचंच. समलिंगी संबंध तिथे गुन्हा मानले जात, त्या काळातही त्याने आपलं समलिंगी असणं लपवलं नाही. त्याच्या संगीतासाठी नाव मात्र बहुतेक वेळा ड्यूकचंच गाजलं.

गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेला शंभर वर्षं झाली, तेव्हा 1963 मध्ये शिकागोत ‘माय पीपल’ हा कृष्णवर्णीयांच्या वारशाचा संगीतमय सोहळा रंगला. त्यात बिलीचाही हात होता.

त्याच वर्षी ड्यूकचा वाद्यवृंद भारतात आला, मुंबईतही वाजला. दिल्लीच्या मुक्कामात एका साळुंकीची लकेर बिलीच्या कानात बसली. त्याच्या ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ या रचनेत जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटमधून ती पुन्हा पुन्हा उमटते.

ही रचना डिसेंबर 1966 मध्ये ध्वनिमुद्रित झाली. 31 मे 1967 रोजी, वयाच्या 51व्या वर्षी, बिली कर्करोगाने गेला. साळुंकीची ही रचना असलेला ‘फार ईस्ट स्वीट’ हा अल्बम आज मोबाइलवरही मिळतो. सवड काढून एकदा ऐकाच.